साहेबाच्या दारात सायकल

धुळ्यातल्या त्या प्रकल्प कार्यालयाच्या फाटकाशी दोन पाट्या होत्या. एक चारचाकी वाहनांसाठी आणि दुसरी दुचाकी वाहनांसाठी. दुसरीच्या खाली कोणीतरी निळ्या रंगाने ‘फक्त मोटारसायकल’ एवढी भर घातली होती. चेलना लुंकड पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला त्या निळ्या अक्षरांचा राग आला होता, आणि आत जाऊन तिने तो बोलूनही दाखवला होता. आता ती अक्षरे दिसली की आपण पोहोचलो, एवढेच तिला कळे.

प्रेमराजभाऊंनी गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली. जळगावहून निघताना त्यांनी खिडक्यांना ओल्या पंच्यांचे पडदे लावले होते. पारोळ्यापर्यंत ते वाळून कडक झाले होते. वैशाखातले ऊन सकाळी दहालाच अंगावर आले होते.

“उतरा आता, मॅडम,” प्रेमराजभाऊ म्हणाले. “सायकलसाठी भांडायला आपण मोटारीनं आलो, हे कुणी बघायच्या आत.”

हा विनोद ते दर खेपेला करीत. चेलना दर खेपेला हसे. आजही हसली, पण उशिरा.

प्रेमराजभाऊंचे जळगावात सायकलच्या सुट्या भागांचे दुकान होते आणि चेलना तिथल्याच एका महाविद्यालयात भूगोल शिकवी. सायकलस्वारांच्या समितीत एकेकाळी खोली भरेल इतकी माणसे होती. डॉक्टर होते, वकील होते, रविवारी सकाळी महागड्या सायकलींवरून पाटणादेवीला जाणारी तरुण मंडळी होती. रस्त्याच्या कडेने जेवणाचा डबा लटकवून कामाला जाणाऱ्यांचा विषय निघू लागला, तसे एकेक जण कमी होत गेले. उरले हे दोघे. महामार्गांच्या नव्या नियमांच्या मसुद्यावर सूचना द्यायला चेलना दिल्लीलाही जाऊन आली होती. प्रत्येक महामार्गालगत सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग ‘असावा’, असे तिने सुचवले होते. छापून आले तेव्हा त्या जागी ‘आवश्यकतेनुसार विचारात घ्यावा’ असे होते.

“आणि तिकडे सायकलला नाव काय दिलंय, तर मोटारविरहित वाहन,” प्रेमराजभाऊ तेव्हा म्हणाले होते. “म्हणजे आमच्या घरातल्या बाईला मिशीविरहित पुरुष म्हणायचं.”

आजची सुनावणी भोकरवाडे फाट्याची होती. जळगाव-धुळे महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा या फाट्यावर दुभाजकात एक फट ठेवली गेली होती. गाव रस्त्याच्या एका अंगाला, तर सरकीच्या गिरण्या, शाळा आणि नर्सिंगचे महाविद्यालय दुसऱ्या अंगाला. सकाळ-संध्याकाळ गाव त्या फटीतून सायकली ढकलत रस्ता ओलांडी. आता दुभाजक जोडून फट बुजवायची, असे ठरत होते. मग पलीकडे जाण्यासाठी धुळ्याच्या दिशेने उड्डाणपुलापर्यंत जायचे, त्याखालून वळायचे आणि परत यायचे. एवढा वळसा कोणी घालणार नव्हते. लोक उलट्या बाजूने, समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडावर सायकली घालणार होते. पुढच्या एका फाट्यावर अशी फट आधीच बुजवली होती. तिथे कामाला जाणारा, गावातल्या झुंबरबाईंचा मुलगा पिंटू गेल्या दिवाळीत असाच ट्रकखाली गेला होता.

समितीची मागणी साधी होती. रस्त्याखालून माणूस आणि सायकल जाईल एवढा बोगदा करावा, आणि तो होईपर्यंत फट बुजवू नये. आज नाही म्हटले गेले, की आराखडा पक्का होणार होता. त्यानंतर बोलायला जागा नव्हती.

मागच्या आठवड्यात चेलना भोकरवाड्याला जाऊन आली होती. भुराच्या अंगणात बैठक झाली. भुरा मूळचा रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा. गिरणीत हमालीला म्हणून इकडे आला आणि राहिला. त्याची धाकटी मुलगी ललिता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरातून निघायची, फाट्यावर सायकल फटीतून काढायची आणि पलीकडे जायची.

“ती फट बुजी गई की पोर घर,” भुराने सांगून टाकले होते. त्यात राग नव्हता. आभाळ भरले की वाळवण आत घ्यावे, तसे तो बोलत होता. “झुंबरबाईना दारमा मी बसेल शे, ताई. मी देखेल शे.”

त्याची बायको गुंताबाई भाकरीच्या पिठात हात ठेवून तशीच थांबली होती. ललिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चेलनाला सोडायला ती फाट्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, बाबा ऐकणार नाहीत. आणि त्यांचं चूक आहे, असं मला म्हणताही येत नाही.”

“सुनावणीला सगळे या,” चेलनाने तिला सांगितले होते. “साहेबांना माणसं दिसली पाहिजेत. त्यांच्या कागदावर या फाट्यावर सायकली नाहीतच.”

ते खरे होते. वाहनांची मोजणी टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्याने केली होती. टोलनाका फाट्यापासून लांब होता आणि तिथून सायकल कशाला जाईल? कागदावर सायकलींपुढे इतका लहान आकडा होता, की तो चुकून पडल्यासारखा वाटे.

“बठ्ठा येसूत, ताई,” भुराही म्हणाला होता. “तू काळजी नको करू.”

आणि म्हणून चेलना आता फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. गाव इथून फार लांब नव्हते. ऊन होते, पण या लोकांना उन्हाचे काय? तिच्या डोळ्यांपुढे चित्र तयार होते. वळणावरून सायकलींची रांग येईल. कोणाच्या हँडलला डबा, कोणाच्या मागे गवताचा भारा बांधायची दोरी. फाटकाबाहेरची सगळी जागा सायकलींनी भरेल. वर साहेबांच्या खोलीची खिडकी याच बाजूला उघडते, हे तिने मागेच पाहून ठेवले होते. आज तिला फारसे बोलावेच लागणार नाही, असे तिला वाटत होते. बोलण्याचा तिला कंटाळा आला होता.

वळणावरून आधी दोन मोटारसायकली आल्या. पुढच्या मोटारसायकलवर भुराचा मोठा मुलगा विक्रम होता, काळा चष्मा लावलेला. त्यांच्या मागून कांदे वाहणारी एक पिकअप गाडी आली आणि फाटकाशी थांबली. मागची फळी खाली पडली आणि माणसे उतरू लागली.

सगळे आले होते. बायकांनी अखाजीच्या सणाला घेतलेली नवी लुगडी नेसली होती. पुरुषांचे सदरे इस्त्रीचे होते. दोघा-तिघांनी तर लग्नात आहेरात आलेल्या टोप्या घातल्या होत्या, त्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. झुंबरबाईंना दोघींनी धरून उतरवले. ललिताने महाविद्यालयाचा पांढरा गणवेश घातला होता. मुलीच्या लग्नाला जावे, तसे गाव नटून आले होते. सायकल एकही नव्हती.

भुरा पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर जबाबदारी पार पाडल्याचे समाधान होते.

“दिख ताई, एक बी माणूस सायकलवर येऊ दिधा नही,” तो म्हणाला. “बठ्ठासले पिकअपमा बसाडं. तू बलावं, तं तुनी शोभा राखनी पडस ना!”

चेलनाने त्याच्या खांद्यावरून रिकाम्या वळणाकडे पाहिले.

“काय झालं?” भुराने विचारले. “उशीर व्हई गया का?”

“नाही, नाही,” ती म्हणाली. “वेळेत आलात. चला.”

जिना चढताना प्रेमराजभाऊ हळूच म्हणाले, “तुम्ही त्यांना सायकलवर या म्हणून सांगितलं नव्हतं?”

“सायकलवाल्यांची सुनावणी आहे, भाऊ. ते काय वेगळं सांगायचं?”

“हं,” प्रेमराजभाऊ म्हणाले आणि जिना चढत राहिले. त्यांनी बोलावे, निदान चिडवावे, असे तिला वाटले.

सुनावणीच्या खोलीत पंखे होते, पण माणसे जास्त झाल्यामुळे हवा हलत नव्हती. टेबलामागचे कार्यकारी अभियंते पन्नाशीचे, बारीक चणीचे गृहस्थ होते. आल्याआल्या त्यांनी झुंबरबाईंना खुर्ची द्यायला लावली. चेलना त्यांना आधीही भेटली होती. ते उद्धट नव्हते, आणि याचाच तिला त्रास होई. उद्धट माणसाशी भांडता येते.

चेलनाने मांडणी केली. टोलनाक्यावरची मोजणी फाट्याला लागू पडत नाही, दिवसातून दोन वेळा इथे सायकलींची रीघ असते, फट बुजली तर लोक उलट्या दिशेने जातील आणि मरतील. हे सगळे तिने इतक्यांदा सांगितले होते, की वाक्ये तिच्या आधीच पुढे पळत. साहेब मान हलवत होते. मग ते उठले, खिडकीशी गेले आणि खाली पाहिले.

“मॅडम,” ते वळून म्हणाले, “मी तुमचा अपमान करायला विचारत नाही. पण खाली एक पिकअप आहे, दोन मोटारसायकली आहेत आणि तुमची गाडी आहे. सायकलवाले कुठे आहेत?”

“हे बसलेत समोर. रोज सायकलवर जाणारी माणसं आहेत ही.”

“मग त्यांनाच विचारू.” साहेब टेबलाच्या पुढे आले. आवाज त्यांनी मुद्दाम मऊ केला होता. “तुमच्यापैकी सायकल कोण चालवतं? हात वर करा. घाबरू नका.”

खोलीत कोणी हलले नाही. पुरुष समोरच्या भिंतीकडे पाहत होते. एका म्हाताऱ्याने टोपी नीट केली, तेवढा हात वर गेला आणि खाली आला. चेलना भुराकडे पाहत राहिली. या माणसाचे तळवे हँडलच्या मुठींनी घट्टे पडून कडक झाले होते. अंगणातल्या बैठकीत ते तिने पाहिले होते.

भुरा उभा राहिला. “साहेब,” तो म्हणाला, “आमना घर गाडी शे. पोऱ्यानी गाडी शे.” आणि त्याने खिडकीकडे, खाली उभ्या असलेल्या विक्रमच्या मोटारसायकलकडे बोट केले.

“छान,” साहेब म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले.

तेव्हा ललिताने हात वर केला. एकटीने. गणवेशाची बाही कोपरापर्यंत सरकली. भुराने मान वळवून तिच्याकडे पाहिले. ते पाहणे रागाचे असते तर चेलनाला सोसले असते. सणाच्या दिवशी चारचौघांत फाटके धोतर दिसावे, तसे ते पाहणे होते. ललिताचा हात खाली आला नाही, पण तिने डोळे मिटून घेतले.

“एक,” साहेबांच्या शेजारचा लिपिक पुटपुटला आणि त्याने लिहून घेतले.

साहेबांनी घसा साफ केला. “मॅडम, एका मुलीसाठी मी बोगदा मागितला, तर वरचे मला हसतील. मला समजतंय, की यात काहीतरी निसटतंय. पण मला लिहायला जे दिसतं तेच लागतं. संध्याकाळपर्यंत इतिवृत्त तयार होईल. सही करून जा. तोपर्यंत काही नवं असेल, तर आणा.”

फाटकाबाहेर आल्यावर सगळे पिकअपच्या सावलीत जमले. आपले काही चुकले आहे, हे सगळ्यांना कळले होते. काय चुकले, ते कळले नव्हते. चेलनाने सांगितले. तिने शक्य तितके हलक्या आवाजात सांगितले, पण सांगताना तिला स्वतःच्या आवाजात वर्गात नापास मुलांशी बोलतानाचा सूर ऐकू आला, आणि ती मध्येच थांबली.

“तू सांगंच नही ना, ताई!” भुरा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “साहेबना दारमा सायकल लई जाणं बरं दिसस का? सोयरीकले कोणी सायकलवर जास का? तू आमले माणसं आण म्हने. आम्ही माणसं आणी.”

“माझी चूक झाली,” चेलना म्हणाली.

“चूक नही म्हनत मी.” त्याने टोपी काढून घाम पुसला. “पण तू सांगंच नही.”

पिकअप गेली. ललिता फळीजवळ बसली होती. वळणापर्यंत ती चेलनाकडे पाहत होती, पण तिने हात हलवला नाही.

समोर रसवंती होती. दोघे तिथल्या बाकावर बसले. इतिवृत्त तयार होईपर्यंत थांबणे भाग होते. प्रेमराजभाऊंनी दोन ग्लास मागवले.

“माझ्या बापाचं दुकान तुम्ही पाहिलंय,” चेलना म्हणाली.

“नेमीचंदकाकांचं? पाहिलंय काय, तिथेच तर मी स्पोक लावायला शिकलो.”

“मी शाळेतून आले की दुकानात बसायची. जामनेर, भडगाव, कुठून कुठून माणसं यायची. जावयाला द्यायला सायकल घ्यायची. बाबा सायकलला हार घालायचे, घंटीला कुंकू लावायचे. सगळं घर तिच्या भोवती उभं राहून फोटो काढायचं. मी इतकी वर्षं तोच फोटो डोक्यात घेऊन फिरतेय, भाऊ. सायकल म्हणजे त्यांचा अभिमान, असंच मी धरून चालले. दिल्लीत भाषणातही तेच बोलले.”

“तेव्हा होताच तो.”

“तेव्हा होता. आपल्या दुकानातून ती जायची ना, ते आपण पाहिलं. ती दाराआड लपवायची वस्तू कधी झाली, ते पाहायला आपण कुठे होतो?”

प्रेमराजभाऊंनी ग्लासातला बर्फ हलवला. “माझ्या पोराच्या लग्नाला मुली पाहत होतो,” ते म्हणाले, “तेव्हा एका ठिकाणी मी सांगितलं, सायकलच्या पार्टसचं दुकान आहे. मुलीचा बाप म्हणाला, ऑटोमोबाईल म्हणा ना. मी म्हटलं.” ते हसले. “तेव्हापासून दुकानाच्या पाटीवर ऑटोमोबाईल आहे. तुमच्या लक्षात आलं नसेल.”

चेलनाच्या लक्षात आले नव्हते. रसवंतीचा चरक बंद झाला आणि एकदम शांत वाटले. तिने डोळे मिटले. आजच्या सहीनंतर आपल्याला इथे यावे लागणार नाही, हा विचार तिच्या मनात आला, आणि त्यासोबत आलेले सुटल्याचे समाधान तिला फार वेळ जवळ ठेवावेसे वाटले नाही. ललिताला घरी बसवणार. दुसरे वर्ष अर्धवट राहणार. त्या घरात कोणी तिला मारणार-झोडणार नव्हते, तिच्या काळजीपोटीच तिला बसवणार होते.

उन्हे कलली तेव्हा लिपिकाने वरून हाक मारली. ती उठली आणि फाटकाकडे निघाली. फाटकाशी पहारेकरी कोणाला तरी अडवत होता.

“सायकल आत नाही. पाटी वाचा.”

भुरा होता. एका हाताने त्याने सायकल धरली होती. सकाळचाच इस्त्रीचा सदरा होता, पण पाठीला चिकटलेला. पायजम्याच्या डाव्या पायाला साखळीत अडकू नये म्हणून सुतळी बांधली होती. मागच्या कॅरिअरवरून गुंताबाई उतरत होती, नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून. त्यांच्या मागे ललिता. तिच्याही मागे रस्त्यावर आणखी कोणीतरी येताना दिसत होते. चेलनाने सकाळी मनात पाहिली होती, तशी रांग ती नव्हती. एक यायचा, मग बराच वेळ कोणीच नाही, मग दोघे. काही जण येणारच नव्हते. टोपी नीट करणारा म्हातारा मात्र आला. त्याच्या सायकलला मडगार्ड नव्हते.

“कोठे ठेवू?” भुराने चेलनाला विचारले. तो तिच्याकडे पाहत नव्हता. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आपल्याकडे पाहतो आहे, असे त्याला वाटत असावे.

“दुचाकीच्या जागेत ठेव,” प्रेमराजभाऊ मागून म्हणाले.

“मोटारसायकल लिहिलंय तिथं,” पहारेकरी म्हणाला.

“मग चाकं मोज, बाबा. दोनच आहेत. एखादं जास्त निघालं तर परत नेतो.”

पहारेकऱ्याला हसू आले, पण त्याने फाटक उघडले नाही. मागून येणारे तसेच थांबत गेले. सायकली फाटकाच्या तोंडाशी अडकल्या. एकीचे पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये गेले. गुंताबाई ते सोडवायला वाकली.

“पिकअपमध्ये बाबा एक शब्द बोलले नाहीत,” ललिता चेलनाच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. “घरी आल्यावर पंप काढला आणि चाकात हवा भरायला लागले. विक्रम म्हणाला, मी गाडीवर सोडतो. तर त्याच्यावर ओरडले. मग आईनं पदर खोचला.”

आतून साहेबांची गाडी आली, पहारेकऱ्याने तिच्यासाठी फाटक उघडले आणि गाडी तिथेच थांबली. पुढे जायला वाट नव्हती. चालकाने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग मागचे दार उघडून साहेब स्वतः उतरले. हातात पिशवी होती. दिवसभराचा थकवा त्यांच्या खांद्यांवर दिसत होता.

“काय आहे हे? कोणाच्या आहेत या सायकली?”

सकाळसारखीच माणसे इकडेतिकडे पाहू लागली. सायकलींच्या गर्दीतून चेलनाला भुराचा चेहरा दिसत होता. तिने बोलायला तोंड उघडले आणि मिटले. हे तिने बोलायचे नव्हते.

भुराच्या ओठांवरून जीभ फिरली. त्याने सायकलच्या सीटवर तळवा ठेवला.

“ही मनी शे, साहेब,” तो म्हणाला.

“सकाळी तर तुम्ही म्हणालात, गाडी आहे.”

“ती पोऱ्यानी शे. मनी ही शे. माले लाज वाटनी.” मग, जणू एवढे बोललो तर उरलेलेही बोलून टाकावे म्हणून, तो म्हणाला, “मी रोज हिनावरच जास, साहेब. मनी पोर बी जास. तिले जाऊ द्या.”

“माझी पण आहे एक,” म्हातारा मागून म्हणाला. “ही, ब्रेक नसलेली.”

कोणीतरी हसले. मग एकेक जण बोलू लागला. ही माझी, ही आमच्या भावाची, मी उधार आणली पण घरी माझीही आहे, पंक्चर झालीय म्हणून. साहेब ऐकत उभे राहिले. त्यांनी पिशवी गाडीच्या टपावर ठेवली.

“मॅडम,” ते चेलनाला म्हणाले, “यानं आकडा बदलत नाही. हे तुम्हालाही कळतं.”

“कळतं.”

“बोगदा मी देऊ शकत नाही. तो निर्णय माझ्या टेबलावर होत नाही.”

“तेही कळतं. फट बुजवायची की नाही, हे मात्र तुमच्या टेबलावर आहे.”

साहेबांनी भुराच्या पायाला बांधलेल्या सुतळीकडे पाहिले. “माझे वडील पोस्टात होते,” ते म्हणाले, आणि पुढे काही सांगणार होते, पण त्यांनी ते सांगितले नाही. लिपिकाला खाली बोलावून त्यांनी इतिवृत्ताचे शेवटचे पान मागवले. गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यावर दोन ओळी लिहिल्या. फाट्यावर प्रत्यक्ष फेरमोजणी होईपर्यंत दुभाजकातील फट बुजवू नये. बोगद्याची मागणी विचाराधीन. चेलनाने त्याखाली सही केली. विचाराधीन हा शब्द तिने इतक्या कागदांवर पाहिला होता, की तो वाचताना तिचे डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जात. पुढे ओळ नव्हती.

“फेरमोजणी,” प्रेमराजभाऊ म्हणाले. “म्हणजे पुन्हा यायचं.”

“पुन्हा यायचं.”

“तिथं उभं राहून मोजायला लावायचं. पावसाळ्यात करतील बघा, मुद्दाम. कोणी बाहेर पडणार नाही तेव्हा.”

“मग छत्र्या घेऊन येऊ.”

भुराला सगळे समजावून सांगायला वेळ लागला. फट राहणार. किती दिवस, ते माहीत नाही. मोजायला माणसे येतील, तेव्हा नवे कपडे घालून पिकअपमधून यायचे नाही. या शेवटच्या गोष्टीला गुंताबाई तोंडाला पदर लावून हसली.

“मंग फट शे तवलोंग जाऊ दे तिले,” ती नवऱ्याला म्हणाली. भुराने वाकून ललिताच्या सायकलचे मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले. हवा कमी वाटली असावी. त्याने गुंताबाईच्या हातातल्या पिशवीतून पंप काढला आणि तिथेच, फाटकाशी, भरू लागला.

निघेपर्यंत सूर्य खाली आला होता. महामार्गाला लागल्यावर पुढे सायकली आणि मागे प्रेमराजभाऊंची गाडी, असे झाले. हे ठरवून झाले नव्हते. गाडी पुढे काढायची म्हणून भाऊंनी इंडिकेटर दिला, तेवढ्यात एक ट्रक सायकलींच्या इतक्या जवळून गेला, की गुंताबाईचा पदर फडफडला. भाऊंनी इंडिकेटर काढून टाकला आणि गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवले.

मागे वाहने साठू लागली. एका टँकरने सलग हॉर्न धरला. एक मोटारवाला शेजारून जाताना काच खाली करून काहीतरी ओरडला. हे दोघे ज्यांच्या बाजूने इतकी वर्षे बोलत आले होते, त्यांच्या चालीने ही गाडी कधी चालली नव्हती. वेगाचा काटा हलत नव्हता आणि इंजिन तापत होते.

“जळगावला पोहोचायला आज किती वाजतील, देव जाणे,” प्रेमराजभाऊ म्हणाले.

चेलनाने खिडकीला लावलेला वाळका पंचा काढून मांडीवर घेतला. पुढे ललिता बापाच्या मागे चालवत होती. रस्त्याची कडा जिथे तुटली होती, तिथे भुरा हात खाली करून तिला खूण करी आणि ती सायकल जरा आत घेई. मग तिच्या मागचा म्हातारा तशीच खूण करी.

“हळूच चालवा, भाऊ,” चेलना म्हणाली. “फाटा येईपर्यंत.”